होमस्टेचे फोटो आणि पीएचपीच्या मर्यादा

तारकर्लीला मामेभावाचा होमस्टे आहे, त्याची बुकिंगची साइट मी सांभाळतो. नव्या खोल्या तयार झाल्या आणि त्याचा फोन आला, "फोटो चढणत नाय रे." मोबाइलचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा, आणि सर्व्हरवरच्या सेटिंग अजून मूळच्याच.

पहिला नकार पीएचपीचा, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिली आहे तिचा, नव्हताच. स्क्रीनवर ४१३ (पाठवलेला डेटा फार मोठा) आलं म्हणजे एनजिनएक्सने, पीएचपीच्या पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरने, अडवलं. त्याची मर्यादा मुळात १ एमबी असते. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ६४ एम (म्हणजे एमबी) केली, रीलोड मारलं.

मग पीएचपी. उबुंटू २२.०४ वर ८.१ आवृत्ती, आणि सेटिंगच्या पीएचपी.आयएनआय फाइली दोन: सीएलआयची (टर्मिनलमधून चालणाऱ्या पीएचपीची) वेगळी, एफपीएमची (साइटसाठी चालणाऱ्या पीएचपीची) वेगळी. टर्मिनलला विचारलं तर तो आपलीच, सीएलआयची सांगणार. साइट कुठली वाचते ते ब्राउझरमधूनच बघावं लागतं. पीएचपीइन्फोचं एका ओळीचं पान चढवलं, 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल'समोरचा पाथ टिपला आणि पान लगेच उडवलं. सर्व्हरची अख्खी कुंडली असते त्यात, जगाला कशाला दाखवा?

'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' २ एम होती, १२ एम केली. एफपीएम रीस्टार्ट. एक फोटो चढला. चार एकदम निवडले तर फॉर्म कोराच परत, एररचं नाव नाही! सगळ्यात वैताग इथे. एकूण डेटा 'पोस्ट मॅक्स साइझ'च्या वर गेला की पीएचपी फाइलींसकट सगळा फॉर्मच टाकून देतं. स्क्रिप्टला वाटतं, काही आलंच नाही. लॉगमध्ये मात्र इशारा होता, मर्यादा ८३८८६०८ बाइट. म्हणजे बरोबर ८ एमबी. ती ६० एम केली, एनजिनएक्सच्या आकड्याच्या आत. मेमरी लिमिट १२८ एम, म्हणजे याहून मोठीच; तिला हात लावला नाही.

पावसात आमच्याकडे नेट रांगतं, म्हणून 'मॅक्स एक्झिक्युशन टाइम' ३० सेकंदांवरून ३०० करा, असं बरेच जण सुचवतात. मला पटत नाही. एनजिनएक्स आधी सगळी फाइल स्वतःकडे घेतो, मग पीएचपीला देतो. चढायला लागलेला वेळ त्या तीसात धरलाच जात नाही.

फाइल उघडीच होती, तर 'डेट टाइमझोन' एशिया/कोलकाता करून टाकला. तोवर यूटीसी (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) होता, संध्याकाळी सातचं बुकिंग दुपारी दीडचं दिसायचं. जुन्या नोंदी तशाच ठेवल्या.