चार कॉप्या आणि एक लॉगिन
आमच्या लायब्ररीत स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकाच्या चारच कॉप्या, परीक्षेच्या तोंडावर एकही जागेवर नसायची, मग मॅडमनी एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीचं लॉगिन काढून दिलं. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणारं केंद्र, चालवतं ते, घरबसल्या ई-बुकं, भारीच! पण सगळीच ई-बुकं अशी मोकळी नसतात, काहींचं लायसन्स एका वेळी एकालाच उघडेल असं असतं, म्हणजे पुन्हा रांगच की.

२०२५ पासून सरकारी संस्थांना वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्राची एकत्र वर्गणीची योजना आलीय, ३ वर्षांसाठी ६००० कोटी, पण ती मुख्यतः संशोधनाच्या जर्नल्ससाठी, क्रमिक पुस्तकाचा प्रश्न तिथेच.

मी अजूनही गणितं सोडवायला छापील पुस्तकच घेते, मागच्या कुणीतरी समासात पेन्सिलीने 'उत्तर चुकलंय' लिहिलेलं असतं, आणि खरंच चुकलेलं असतं ते.