दोन स्लाइड, एकच जिवाणू

पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर वर्गात असताना दोन स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या आणि तेव्हापासून ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द मी जपून वापरते.

दोन्हींवर डुकराच्या पिल्लांच्या लहान आतड्यातून खरवडून काढलेले पेशींचे काठ होते, आणि दोन्हींवर एकाच नळीतले ई. कोलाय टाकले होते, अंगावर के-८८ नावाचे बारीक तंतू असलेले. पहिल्या स्लाइडवर काठाला जिवाणूंची झालर लागलेली. दुसरीवर काठ स्वच्छ, जिवाणू नुसतेच तरंगत होते. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा करून पाहिलं. तेच. पिल्लं दोन वेगळी होती, एवढाच फरक.

हे तंतू पेशीवरच्या ठरावीक रेणूलाच धरतात. तो रिसेप्टर नसेल तर जिवाणू आतड्याच्या प्रवाहाबरोबर वाहून जातो. सेलवुड आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलं की काही डुकरांत तो जन्मतःच नसतो. आई किंवा बाप, एकाकडून जनुक मिळालं तरी रिसेप्टर येतो. दोघांकडूनही नाही आलं तरच पिल्लू या जिवाणूच्या हगवणीतून जन्मतःच वाचतं.

मला आजही अस्वस्थ करते ती याची पुढची बाजू. समजा, आईत रिसेप्टर नाही. तिच्या आतड्यात हा जिवाणू टिकतच नाही, त्यामुळे तिच्या शरीराला त्याची ओळख होत नाही आणि चिकात त्याविरुद्धची प्रतिपिंडं फारशी उतरत नाहीत. बापाकडून रिसेप्टर घेऊन आलेलं तिचं पिल्लू मग उघड्यावर पडतं. आई सुरक्षित आहे म्हणूनच पिल्लू असुरक्षित! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून होते.

प्राण्याची जात बदलली की हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. वासरांना हगवण लावणाऱ्या ई. कोलायचे के-९९ तंतू पेशीवरच्या एका विशिष्ट सियालिक आम्लाला (हा साखरेचाच एक प्रकार) धरतात. ते आम्ल तयार करणारं जनुक माणसात फार पूर्वीच निकामी झालंय. वासरातही वय वाढेल तशी ही पकड सैल होते, म्हणून हा आजार पहिल्या काही दिवसांचा. (हात मात्र धुवायचेच. वासरांच्या हगवणीतच सापडणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला माणूसही चालतो.)

लिस्टेरिया या अन्नातून पोटात जाणाऱ्या जिवाणूचं उदाहरण तर याहून बारीक आहे. त्याचं इंटरनॅलिन-ए हे प्रथिन आतड्याच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरतं. माणसाच्या ई-कॅडहेरिनमध्ये सोळाव्या जागी प्रोलीन आहे, उंदराच्या ग्लुटामिक आम्ल. एवढ्या एका अमिनो आम्लामुळे उंदराच्या आतड्यात ही पकड बसत नाही. १९९९ मध्ये हे सिद्ध झालं. गिनीपिगमध्ये प्रोलीन आहे, पण लिस्टेरियाच्या दुसऱ्या प्रथिनाला, इंटरनॅलिन-बीला, गिनीपिगमधला आपला रिसेप्टर ओळखता येत नाही, उंदरातला येतो. गर्भाच्या संसर्गात तर या दोन्ही पकडींचा हात असतो. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष वाचताना मी आधी पाहते: जंतू तोंडावाटे दिला होता की शिरेतून, म्हणजे आतड्याची पकड टाळून?