मांजर धरण्याचे किती क्रेडिट?

गेल्या वर्षी पुण्याला आले होते तेव्हा सासूबाईंच्या भिशीत माझी उलटतपासणी झाली. "तिकडे काय करतेस गं सध्या?" व्हेटरनरी टेक्निशियनचं शिकतेय म्हटलं. "म्हणजे गुरांची डॉक्टर?" नाही. "मग कंपाउंडर?" शेवटी सासूबाईंनीच बाजू सावरली, "अगं, कुत्र्यामांजरांची नर्स." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण इतक्या कमी शब्दांत मला आजवर सांगता आलेलं नाही.

इथे टेक्सासात प्राण्यांच्या दवाखान्यात तीन पायऱ्या असतात. सगळ्यात वर डॉक्टर. निदान, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया फक्त त्यांनी करायची. मधे टेक्निशियन: रक्त काढणं, सलाईन लावणं, भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवणं, एक्स-रे, दातांची सफाई, सूक्ष्मदर्शकाखाली शी तपासणं. त्यासाठी दोन वर्षांची कॉलेजची पदवी, मग देशपातळीवरची परीक्षा आणि मग राज्याचं लायसन्स. तिसरी पायरी असिस्टंटची. तिला लायसन्स लागत नाही. पिंजरे धुणं, हत्यारं धुऊन-बांधून निर्जंतुक करणं, फोन घेणं, आणि मुख्य म्हणजे प्राणी धरणं. मी या तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली.

धरणं म्हणजे काय विशेष, असं वाटेल. मलाही वाटायचं. कुत्र्याच्या पुढच्या पायातून रक्त काढायचं असेल तर असिस्टंटने एक हात त्याच्या हनुवटीखालून घालून डोकं आपल्या खांद्याकडे ओढून धरायचं, दुसऱ्या हाताने कोपराच्या मागून पाय पुढे ढकलायचा आणि अंगठा वरून दाबून किंचित बाहेर वळवायचा. अंगठा वळला की शीर फुगून वर येते. जरा जास्त वळला तर शीर सरकते, समोरची टेक्निशियन "हं" एवढंच म्हणते आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मांजरीचं तंत्र निराळं. तिला टॉवेलमध्ये गुंडाळायची, पोळीचा रोल करतो तशी, आणि फक्त हवा तो पाय बाहेर ठेवायचा. मान आवळून धरायची जुनी पद्धत आता चांगले दवाखाने टाळतात. हे सगळं मी एका खाजगी संस्थेच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये शिकले, २०२१ साली, एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो तो) कामाचा परवाना हातात आल्यावर. (ज्यांच्याकडे तो परवाना नाही त्यांनी शिकावं खुशाल, शिकायला बंदी नाही. पण दवाखान्यात "फुकट काम करते" असं म्हणून उभं राहण्याआधी वकिलाला विचारा.)

तर माझं गणित साधं होतं. आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निक करून मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. तसंच आधी असिस्टंट, मग कॉलेजात टेक्निशियनच्या दुसऱ्या वर्षाला. प्रवेश घेताना त्या संस्थेतल्या बाईंनी फोनवर "हो, हो, पुढे उपयोग होतो" असं सांगितलंही होतं. उपयोग होतो आणि क्रेडिट (म्हणजे पदवीसाठी विषयागणिक मोजली जाणारी एककं) मिळतात यातला फरक तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. साडेअकराशे डॉलर भरले.

दोन वर्षं दवाखान्यात काम केल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अर्ज केला. सल्लागार बाई शांत स्वभावाच्या. माझं सर्टिफिकेट त्यांनी हातात घेतलं, चश्मा वर ढकलला आणि मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. "हे क्लॉक अवर्स आहेत," त्या म्हणाल्या, "क्रेडिट अवर्स नाहीत." कोर्स तासांत मोजलेला होता, सेमिस्टरच्या क्रेडिटमध्ये नाही, आणि ती संस्थाही क्रेडिट देणाऱ्यांपैकी नव्हती. पेन्सिलीने त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एक छोटासा शून्य काढला. रागाने नाही हो, अगदी नीट, गोल.

घरी येऊन चिडचिड केली. नवरा म्हणाला, "परत विचार ना, का नाही घेत?" दुसऱ्या दिवशी ईमेल केली आणि उत्तर मिळालं ते मात्र मला पटलं. टेक्निशियनच्या कॉलेजला अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता लागते, आणि ती मान्यता देणारी समिती कॉलेजला एक लांबलचक यादी देते. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक कौशल्य प्रत्यक्ष करून दाखवलं आणि शिक्षकांनी ते पाहिलं, याची नोंद कॉलेजकडे हवी. मी दवाखान्यात हजार कुत्री धरली असतील, पण ते कॉलेजच्या कुणी पाहिलेलं नाही. दुसऱ्याच्या नोंदीवर ते सही कशी करणार? शिवाय असिस्टंटचं शिक्षण हे वेगळंच काम मानलेलं आहे. त्याला नॅशनल असोसिएशन ऑफ व्हेटरनरी टेक्निशियन्स इन अमेरिका, म्हणजे नावता, मान्यता देते आणि त्यांची स्वतःची असिस्टंटची परीक्षाही आहे. टेक्सासात राज्याच्या डॉक्टरांच्या संघटनेचंही असिस्टंटसाठी प्रमाणपत्र आहे, तीन पातळ्यांचं. दोन्ही चांगलीच आहेत. पण टेक्निशियनच्या परीक्षेला बसायचं तर मान्यताप्राप्त कॉलेजच लागतं. आपल्या पॉलिटेक्निकला आणि इंजिनिअरिंगला एकाच छत्राखाली बसवलेलं असतं म्हणून ती उडी जमते. इथे दोन छत्र्या आहेत.

मग सल्लागार बाईंनीच विचारलं, "भारतात काही शिकली आहेस का?" मी जवळजवळ लाजतच सांगितलं, बी.एस्सी., प्राणिशास्त्र, २०११. त्या म्हणाल्या, ते मूल्यांकन करून आण.

आता हे मूल्यांकन म्हणजे एक स्वतंत्र तीर्थयात्रा. इथे परदेशी गुणपत्रिका वाचून देणाऱ्या खाजगी संस्था आहेत. कॉलेज सांगतं त्यांच्याकडूनच करायचं, आणि विषयवार करायचं. नुसतं "पदवी आहे" एवढं सांगणारं स्वस्तातलं मूल्यांकन क्रेडिटसाठी कामाचं नाही. गुणपत्रिका आपण पाठवून चालत नाही, विद्यापीठाने मोहोरबंद पाकिटात किंवा थेट पाठवावी लागते. बाबा बहात्तर वर्षांचे. दोनदा विद्यापीठात जाऊन आले. पहिल्यांदा गेले तर माझ्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स फिकट आली होती. दुसऱ्यांदा नावाचा घोळ: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं तेव्हा गाडी पुढे सरकली. लग्न झालेल्या ज्या कुणी मुली परदेशी शिकायचं मनात धरून आहेत त्यांनी निघण्याआधीच हे कागद एका फाइलीत लावा, आणि बाबांना दोन चकरा कमी पडू द्या.

अहवाल आला आणि कॉलेजने तो वाचून जे दिलं ते ऐकून मी हसू की रडू असं झालं. प्राणिशास्त्र? नाही. विज्ञानाचे विषय पाच वर्षांपेक्षा जुने असतील तर आमच्या कॉलेजात चालत नाहीत. बेडूक, झुरळ, शार्क, सगळं शिळं. गणिताचा पेपर मात्र घेतला: तीन क्रेडिट. अर्थशास्त्राचा एक ऐच्छिक पेपर होता, तो सामाजिक शास्त्रात बसला: आणखी तीन. आणि एस.वाय.ला मी सोपा जाईल म्हणून घेतलेला मराठीचा पेपर! भाषा-साहित्य म्हणून मानव्यविद्येच्या रकान्यात जाऊन बसला. तीन क्रेडिट. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेल्या त्या कवितांनी टेक्सासात माझी एका विषयाची फी वाचवली. आमच्या सरांना कळवायला हवं होतं.

इंग्रजी मात्र पुन्हा करावं लागलं. टेक्सासच्या सार्वजनिक कॉलेजांत विषयांचे क्रमांक सगळीकडे एकसारखे असतात आणि क्रमांकातला दुसरा आकडा किती क्रेडिट ते सांगतो. इंग्रजी लेखनाचा पहिला विषय १३०१, म्हणजे तीन क्रेडिटचा. हे कळल्यावर कॉलेजचं पत्रक वाचणं म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक वाचण्याइतकं सोपं होतं. टेक्निशियनच्या विषयांत प्राणिवैद्यकातल्या शब्दांचा विषय ११०५ आहे, म्हणजे एकाच क्रेडिटचा. त्याला कॉलेजची परीक्षा देऊन सूट मिळते असं मला तिथेच छोट्या अक्षरांत दिसलं. सर्टिफिकेट कोर्समध्ये मी हेच ग्रीक-लॅटिन तुकडे तोंडपाठ केले होते आणि दवाखान्यात रोज ऐकत होते. परीक्षा दिली, पास झाले. साडेअकराशे डॉलरच्या सर्टिफिकेटचं अखेर एक क्रेडिट वसूल झालं.

म्हणजे पदवीला लागणाऱ्या साठ क्रेडिटपैकी दहा. उरलेले पन्नास इथेच करायचे. तसंही साठपैकी किमान पंधरा, म्हणजे पाव हिस्सा, पदवी देणाऱ्या कॉलेजातच करावा लागतो. इथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा तो नियम आहे, त्यामुळे सगळंच्या सगळं बाहेरून आणण्याचं स्वप्न कुणी पाहू नये.

सर्टिफिकेट वाया गेलं का, असं मला तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलंय. त्यावर मी फटकन "हो" म्हणत नाही. त्यामुळे नोकरी मिळाली, नोकरीमुळे डॉक्टरांचं शिफारसपत्र मिळालं, आणि आमच्या कॉलेजात जागा मोजक्या, त्यात दवाखान्यात केलेल्या कामाला गुण होते. पण शेवटी टेक्निशियनच व्हायचंय हे ज्यांचं ठरलेलं आहे त्यांनी आधी कॉलेजात जाऊन बसावं, मग पैसे भरावेत. एकाच कॉलेजात असिस्टंटचा क्रेडिटवाला कोर्स आणि टेक्निशियनची पदवी दोन्ही असतील तर तिथे विचारा, काही ठिकाणी आधीचे विषय पुढे धरतात. कुठे दोन संस्थांमध्ये तसा लेखी करार असतो. जे काही सांगतील ते ईमेलवर घ्या. फोनवरचं "हो, हो" कुठेच लावता येत नाही.

शेवटच्या, म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेचं अजून डोक्यात घेतलेलं नाही. एकशेसत्तर प्रश्न, तीन तास, वर्षातून तीन वेळा महिनाभराची मुदत, त्यातली एक १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर. म्हणजे दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच.

गेल्या आठवड्यात मोठ्या जनावरांचा वर्ग होता. शिक्षिकेने विचारलं, गाईला आधी कुणी हात लावलाय? मी हात वर केला आणि मग वाटलं, उगाच. माझं आजोळ सांगोल्याकडचं, पण मामाची खिलार गाय आजी सोडून कुणाला जवळ फिरकू देत नसे. मी तिला लांबूनच पेंढी टाकायची. इथली अँगस होती, काळीभोर, लोखंडी खोड्यात उभी. हो, तो खोडाच. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर लाकडी असतो तसाच, फक्त याला दांडा ओढला की दोन्ही बाजू आत सरकतात.

शेपटीतून रक्त काढायचं होतं. माझ्या जोडीला एक उंच मुलगा, गुरांच्या रँचवर वाढलेला. त्याने विचारलं, "धरतेस की टोचतेस?" सवयीने माझा हात शेपटीकडेच गेला होता. तो मागे घेतला. त्याने शेपूट मुळाशी धरून सरळ वर उचलली, मी खालच्या बाजूने बोटाने मधली खाच शोधली, दोन मणक्यांच्या मधली मऊ जागा. सुई सरळ उभी आत. काही नाही. अगदी केसभर मागे घेतली आणि नळीत गडद लाल धार आली.

शिक्षिका शेजारीच उभी होती. तिने पाटीवरचा कागद खाली सरकवला, माझ्या नावापुढची ओळ शोधली, खूण केली आणि सही करून तारीख घातली.