ताप उतरला, तरी रोज ईसीजी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या घरचे मला हमखास विचारतात, "मॅडम, ताप गेला, जेवणही जातंय, मग रोज सकाळी ती पट्टी कशाला काढता?"

ताप गेला म्हणजे झडपेजवळचं सगळं निवळलं, असं धरून चालता येत नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली ठोक्याचा संदेश नेणारी विजेची वाट महाधमनीच्या झडपेला अगदी खेटून जाते. संसर्ग झडपेच्या कड्यात शिरून तिथे गळू झालं, तर ते या वाटेपर्यंत पोचू शकतं. रुग्णाला तेव्हा काहीच जाणवत नसतं. ईसीजीत मात्र दिसतं.

ईसीजीच्या कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे नेहमीच्या वेगाने 40 मिलिसेकंद. पी लाट, म्हणजे वरच्या कप्प्यांची छोटी लाट, सुरू होते तिथपासून क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांचा टोकदार भाग, सुरू होतो तिथपर्यंत मी चौकोन मोजते. पाचपर्यंत ठीक. काल चार होते आणि आज सहा भरले, म्हणजे संदेश खाली पोचायला उशीर होतोय, की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. ठोके मंद करणारं एखादं औषध चालू आहे का, हे बघते आणि लगेच अन्ननलिकेतून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगते, कारण छातीवरून केलेल्या इकोत गळू निसटू शकतं. पुढे पूर्ण हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे संदेश खाली पोचायचाच थांबला, तर तात्पुरता पेसमेकर लागतो. आणि गळू सापडलं तर नुसत्या अँटिबायोटिकवर सहसा भागत नाही, सर्जनना बोलवावं लागतं.

याहून विरळ गोष्टीही घडतात. गळू फुटून महाधमनी आणि हृदयाचा कप्पा यांच्यामध्ये भलतीच वाट पडते. कधी झडपेवर साचलेल्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटून हृदयाच्याच धमनीत अडकतो आणि तरण्याताठ्या माणसाला हार्ट अटॅक येतो. तिथे गुठळी विरघळवणारं नेहमीचं इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची मोठी भीती असते. म्हणून अटॅकमागे एन्डोकार्डायटिस आहे, हे वेळेत कळणं फार महत्त्वाचं.

अँटिबायोटिक बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून चालतं. एवढ्या दिवसांत कधीही चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा एकाएकी धाप लागली, तर राउंडची वाट बघू नका. सिस्टरना त्याच क्षणी हाक मारा.