तडकलेला डॅशबोर्ड: भरायचा, मढवायचा की बदलायचा

मे महिन्यात गाडीची पुढची काच आतून फडक्यानं पुसून बघा, बाहेरून कितीही लखलखीत असली तरी आतून एक धुरकट तेलकट थर निघतो. लोक म्हणतात धूळ आहे, कोणी म्हणतं एसीचा ओलावा. पण त्यातला बराचसा भाग तुमच्या डॅशबोर्डमधूनच निघालेला असतो. मऊ डॅशबोर्ड म्हणजे वर पीव्हीसीची पातळ कातडी, तिच्याखाली फोम आणि तळाला कडक प्लॅस्टिकचा सांगाडा. पीव्हीसी मुळात कडकच असतं, घरातले पाइप बघा की, त्याला मऊ ठेवण्यासाठी प्लॅस्टिसायझर म्हणून एक तेलासारखा पदार्थ मिसळतात, आणि रोज तापून तापून तोच उडतो नि काचेवर जाऊन बसतो. वर्षानुवर्षं असं चाललं की कातडी आकसते, कडक होते, आणि मग एखाद्या दुपारी तडा जातो. तोही कुठंही नाही जात, एसीच्या जाळीचा कोपरा, मीटरच्या वरची टोपी, काचेजवळची ती लांब फट, जिथं कातडी आधीच ताणलेली असते तिथूनच सुरुवात होते.

नागपुरात राहत असाल तर हे वेगळं सांगायला नको. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि ते सावलीतलं, गाडीच्या आतलं नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये संशोधकांनी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या, 2018 मध्ये ते छापून आलं, गाडीतली हवा सरासरी 47 अंशांच्या आसपास आणि डॅशबोर्ड 69 अंश. म्हणजे स्टिअरिंग, सीट या सगळ्यांपेक्षा डॅशबोर्डच जास्त तापला होता. आता हे उन्हाळ्याचे तीन महिने, दर वर्षी, पंधरा-वीस वर्षं.

सगळे दोष यूव्हीला, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना देतात, दुकानात पण ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेल्या बाटल्या त्याच नावावर विकल्या जातात. पण पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा, तो यूव्ही बऱ्यापैकी अडवतो. 2016 मध्ये डोळ्यांच्या एका वैद्यकीय जर्नलमध्ये 29 गाड्यांची मोजणी आली होती, पुढच्या काचेनं सरासरी 96 टक्के यूव्हीए (यूव्हीचाच एक प्रकार) अडवले होते, बाजूच्या काचांनी 71 टक्के. उरलेलं यूव्ही पण नुकसान करतंच, नाही असं नाही, पण माझं मत विचाराल तर आपल्याकडं डॅशबोर्डचा मुख्य शत्रू उष्णता आहे, त्यामुळं बाटलीपेक्षा सावलीवर खर्च करा.

बाबांची गाडी 2003 ची आहे, एअरबॅग नाही, पहिल्या दिवसापासून आमच्याकडंच आहे, बाबा नोकरीला होते तेव्हा ऑफिससमोर उघड्यावर उभी असायची. डॅशबोर्डवर डावीकडून मधल्या एसीपर्यंत एक मोठा तडा, कडा वर उचललेल्या, आतला पिवळा फोम हातानं दाबला की त्याची पूड होते. गाडी विकायची नाही हे घरात कधीच ठरलेलं आहे, त्यामुळं नीट करायचीच होती.

पहिला सल्ला सगळे देतात तो म्हणजे कव्हर टाक. मखमलीसारख्या कापडाचं, मापात कापलेलं मिळतं, तडा झाकला जातो, ऊन थेट लागत नाही, एअरबॅग नसलेल्या गाडीत दोन-तीन वर्षं काढायची असतील तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. दुसरा सल्ला पेंटरचा, लांबी, म्हणजे पुट्टी भरून रंग मारून देतो म्हणतात. हे मात्र करू नका. बॉडीला लावतात ती लांबी पत्र्यासाठी आहे, सुकली की दगड, आणि खाली फोम, तो उन्हात फुगतो संध्याकाळी बसतो, पुढच्या उन्हाळ्यात त्याच रेषेवर पुन्हा तडा दिसणार. भरायचंच असेल तर बंपर दुरुस्तीचं दोन नळ्यांतलं लवचिक फिलर मिळतं ते वापरायचं.

आम्ही शेवटी डॅशबोर्ड रेक्झिननं मढवून घ्यायला एका सीटकव्हरवाल्या चाचांकडं गेलो, त्यांचं काम बघून मला खरंच शिकायला मिळालं म्हणून सविस्तर लिहितोय. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं की यावर चमकायचं पॉलिश मारता का. सिलिकॉनवालं पॉलिश असेल तर त्याच्यावर ना फिलर धरत ना गोंद, म्हणून आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुन्हा पुसून काढलं, फडकं कोरं निघेपर्यंत. मग डॅश पूर्ण बाहेर काढला. काही जण गाडीतच बसवल्या जागी मढवून देतात, स्वस्तात होतं पण काचेजवळच्या फटीत कडा वळवता येत नाही आणि तिथूनच रेक्झिन सुटायला लागतं. काढताना क्लिपा जपायच्या, वीस वर्षं भाजलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडतं, म्हणून चाचांनी क्लिपांचं नवं पाकीट आधीच मागवून ठेवलं होतं. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटचा फोटो काढला, ही सवय फार चांगली.

तड्याच्या उचललेल्या कडा त्यांनी दाबल्या नाहीत, ब्लेडनं सरळ कापून टाकल्या. आकसलेली कातडी परत जागेवर येत नाही, ओढून चिकटवली तर ती ताणातच राहते. मग पूड झालेला फोम खरवडला, चर थोडा रुंद केला, लवचिक फिलर भरलं, आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरू करून 180 आणि 320 पर्यंत घासलं. वरून डोळ्याला दिसत नाही पण तळहात फिरवला की उंचवटा कळतो, चाचा डोळे मिटून हात फिरवत होते, ‘भाऊ, इथं अजून आहे बघा’, मी हात लावला तर खरंच होता.

रेक्झिनचा रंग निवडताना घरात चर्चा झाली. बाबा म्हणाले, ‘अरे, बेज घे ना, काळा किती तापतो.’ म्हणणं बरोबर आहे, पण मी म्हटलं, बाबा, फिका डॅशबोर्ड समोरच्या काचेत दिसत राहतो, दुपारी रस्ता बघायचा की डॅशबोर्डचं प्रतिबिंब. तर गडद राखाडी घेतलं, बिनचमकीचं. आणि एक महत्त्वाची गोष्ट, मीटरच्या टोपीखाली जिथं खोलगट भाग आहे तिथं एकच अखंड तुकडा हीट गननं ताणून बसवला तर पहिल्या महिन्यात सुंदर दिसतो, मग उन्हात गोंद नरम पडला की रेक्झिन परत सरळ व्हायला बघतं आणि पोकळी धरतं. चाचांनी कागदावर माप उतरवून तीन तुकडे कापले आणि शिवले, शिलाई बरोबर खोलगट वळणावर घेतली म्हणजे ताणच नको. गोंद दोन्ही बाजूंना लावून हाताला जेमतेम चिकटेल इतका सुकू दिला आणि मगच टेकवलं. मजुरी आणि सामान धरून साडेसहा हजार झाले. मला ते जास्त वाटले नाहीत.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाडीचं आहे. पुढच्या प्रवाशासमोर एअरबॅग असेल तर तिच्यावरची जागा भरू नका, मढवू नका, त्यावर कव्हर टाकू नका, मूर्ती किंवा मोबाइल स्टँडही चिकटवू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये वरून काहीच शिवण दिसत नाही, कातडी आतल्या बाजूनं मुद्दाम रेषेत कमकुवत केलेली असते, म्हणजे एअरबॅग तिथूनच फाडून बाहेर येईल. हा सगळा खेळ साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांत संपतो, पापणी लवायच्या आत. तिथं जाड रेक्झिनचा थर आला तर एअरबॅग उशिरा उघडेल किंवा तिरकी उघडेल, आणि कडक फिलरचे तुकडे थेट तोंडावर येतील. ताईच्या गाडीला असाच तडा गेलाय, बरोबर त्या जागेवर, दाजी म्हणत होते तुझ्या चाचांकडूनच करून घेऊ, मी हात जोडले, दाजी, तिथं ताई बसते. आपल्याकडं नव्या गाड्यांना पुढं दोन एअरबॅग 2021 पासून सक्तीच्या आहेत, त्यामुळं येत्या काळात तडकणारे बहुतेक डॅशबोर्ड एअरबॅगवालेच असणार, आणि गल्लीतला कारागीर कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही. तिथं पूर्ण भाग बदलणं एवढाच मार्ग.

जुन्या बाजारातून घ्यायचा तर मुंबईत कुर्ल्याला आणि दिल्लीत मायापुरीला मिळतात. पण दिल्लीचं ऊनही काही कमी नाही, म्हणून फोटोवर विश्वास नको, अंगठ्यानं दाबून बघा, कातडी करकरली किंवा डाग पडल्यासारखी पांढरी झाली तर तोही तडकायच्या बेतात आहे. मीटरची खाच, एसीच्या बटणांची जागा, एअरबॅगची खिडकी, एकाच मॉडेलमध्ये व्हेरियंटप्रमाणं हे बदलतं, तेही जुळवून घ्या. बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं, एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. हे अधिकृत वर्कशॉपमध्येच करावं असं मला ठामपणे वाटतं. आणि सेकंडहँड गाडी बघायला गेलात, डॅशबोर्ड नवाकोरा मढवलेला दिसला, तर का मढवला ते विचारा. उघडून गेलेली एअरबॅग तशीच झाकलेली असू शकते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. लागलाच नाही तर गाडी सोडून द्या.

नवा किंवा मढवलेला डॅश टिकवायचा तर रोजचं काम एवढंच, उभी करताना काचेवर ऊन अडवणारा चंदेरी पडदा, जमलं तर बाहेरच्या बाजूनं, म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच परततं. नागपुरात 26 मे च्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्या वेळी तोंड कुठंही करा फारसा फरक पडत नाही, पण तीननंतर ऊन पश्चिमेकडून येतं, तर ऑफिसला दिवसभर उभी राहणारी गाडी पूर्वेला तोंड करून लावा. सकाळचं ऊन लागेल तेवढं लागू दे.