काट्यावरचा पैलवान
सांगली जिल्ह्यातील एका तालमीत राष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या पैलवानांची आहारविषयक माहिती आणि त्यांचा प्रत्यक्ष खुराक पडताळण्याचे काम आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आले होते. तेथे ६१ किलो गटातील एका मुलाने प्रश्नावलीची जवळजवळ सर्व उत्तरे बरोबर लिहिली. वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, हेही त्याला तोंडपाठ होते. आणि मॅटवर दुसऱ्या फेरीत नेमका तोच ढेपाळतो, अशी वस्तादांची तक्रार होती.

सरावाआधी त्याला नुसत्या लंगोटावर काट्यावर उभे केले, तेव्हा वजन ६३.४ किलो भरले. जोर, बैठका आणि लढती आटोपल्यावर अंग कोरडे पुसून पुन्हा उभे केले, तर काटा ६१.८ वर थांबला. ही अडीच टक्के घट जवळपास सगळी पाण्याची होती, आणि दोन टक्क्यांच्या पुढे गेले की दमसास सहसा कमी पडू लागतो. मधल्या वेळात त्याने नळावर फक्त चूळ भरलेली मी पाहिली होती. पाणी प्यायले की वजन वाढते, ही त्याची धास्ती.

ताटाचीही तीच गत. कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, दूध, अंडी, मटण यांत कसूर नव्हती (बदाम सोलण्यात ही पोरे जेवढा वेळ घालवतात, तेवढ्यात निम्मा स्वयंपाक उरकेल, हे माझे जुने मत), पण गट सांभाळण्यासाठी भाकरी आणि भात त्याने जवळजवळ सोडला होता. सहा मिनिटांच्या कुस्तीत स्नायू ज्या ग्लायकोजेनवर, म्हणजे स्वतःत साठवलेल्या साखरेवर, झटापट करतात, ते प्रामुख्याने याच पिष्टमय अन्नातून साठते. शिवाय २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन लढतीच्या दिवशीच सकाळी घेतले जाते, त्यामुळे रात्री घाम गाळून उतरवलेले पाणी भरून काढायला जेमतेम काही तास हाती राहतात. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त वजनामुळे अपात्र ठरल्या, त्याची चर्चा या तालमीतही झाली होती. पण ती सगळी काट्याविषयी.

वस्तादांनी माझ्या वहीतले आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "मग ह्याला ६५ मध्येच उतरवूया की, मॅडम." मुलगा तयार होईना, त्या गटात त्याच्याहून उंच आणि ताकदीचे मल्ल आहेत, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी राज्य निवड चाचणीपर्यंत ६१ किलोच ठेवायचे, मात्र सरावात पाणी आणि दोन्ही वेळा भाकरी घ्यायची, यावर दोघे राजी झाले. सरावानंतरच्या ताकात मीठ किती घालायचे, यावर वस्तादांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.