आमची वाटचाल: काचेच्या बाल्कनीतून सुरू झालेला धंदा

सुरुवात चाळीसेक कुंड्यांवर झाली. मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर. लोकांची नाजूक झाडं थंडी पडायच्या आत आणायची, आमच्या काचबंद बाल्कनीत सांभाळायची आणि ऊन परतलं की घरपोच द्यायची. जिरेनियम, फ्युशिया, बिगोनियाचे कंद. (जिरेनियम म्हणतात ते खरं पेलार्गोनियम, १७८९ सालीच जिरेनियमपासून वेगळी जात म्हणून काढलंय, पण आमच्या पाटीवर जिरेनियमच आहे, नाहीतर गिऱ्हाईक ओळखत नाही.)

हत्यारं मोजकीच. लांब चोचीची झारी, दिवसाचं कमीजास्त तापमान दाखवणारं थर्मामीटर आणि पार्टनरचा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लाल मुठीचा, स्प्रिंग जरा सैल. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसायचं हा नियम त्याचाच, ते श्रेय देतो.

तिसऱ्या हिवाळ्यात बुडालोच होतो. पारा शून्याखाली जाणार म्हणून मी घाबरून सगळ्या फटी बुजवल्या, वरून प्लॅस्टिक लावलं आणि माया म्हणून पाणीही घालत राहिलो. थंडीने एकही झाड मेलं नाही. दहा दिवसांत काचांवरून पाणी ओघळायला लागलं आणि जिरेनियमच्या देठांवर करडी बुरशी, बोट लावलं की धुरळा उडायचा. निम्म्याहून जास्त झाडं गेली, तीही लोकांची. चूक माझीच, पण पार्टनरने त्याच आठवड्यात गिऱ्हाइकांची वही उचलली आणि स्वतःचं दुकान मांडलं, "तुमची झाडं उबेत ठेवतो" म्हणून. लोक गेले पण! हीटर लावलेल्या अंधाऱ्या खोलीत झाडं झोपत नाहीत हो, उजेडासाठी लांबलचक पांढरट फांद्या काढतात, त्यालाच तो "बघा किती वाढलं" म्हणून खपवायचा. अजून राग येतो.

राहिल्या एक काकू. त्यांचा फ्युशिया म्हणजे एकही पान नसलेली काडी, मी मान खाली घालून परत द्यायला गेलो तर त्यांनी नखाने साल जराशी खरवडली, आत ओलं हिरवं. "जिवंत आहे रे, घेऊन जा परत." तो मी पाच-सात डिग्रीवर ठेवला, माती पार कोरडी होऊ दिली नाही एवढंच, आणि वसंतात खालच्या गाठीतून कोंब आले.

नंतरची वर्षं बरी गेली, जागाही मोठी झाली. आता दुपारी खिडकी उघडतो, छोटा पंखा चालू असतो.

तुम्ही घरीच ठेवणार असाल तर झाडं आत घेताना निम्म्याने छाटा, पानं उलटी करून पांढरी माशी बघा, थर्मामीटर भिंतीवर नको, कुंडीच्या उंचीला ठेवा. बिगोनियाचे कंद कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा). आणि वसंतात पहिलं ऊन दिसलं की लगेच बाहेर काढू नका, आठ-दहा दिवस फक्त दिवसा बाहेर, रात्री आत. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी करपलेली पानं घेऊन येतंच.

काकूंच्या फ्युशियाची कटिंग्ज आता तीन रांगा भरून आहेत, ती विकत नाही. छाटायला तोच लाल सिकेटर. त्याने परत मागितला नाही आणि मीही नेऊन दिला नाही, वही कुठे दिली त्याने?